पंप बंद पडला की

लाईन गेली, कूलर घरघरत थांबला, आणि आतल्या खोलीतून आई म्हणाली, ‘नंदे!’ मी कणीक मळत होते. मळलेले हात तसेच घेऊन धावले. मला ‘नंदे’ म्हणणारं जगात एकच माणूस उरलं आहे. बाकी सगळ्यांसाठी मी नंदिनी मॅडम, आणि आईसाठी गेल्या दिवाळीपासून नुसती ‘बाई’. कधी दवाखान्यातली बाई, कधी शेजारची बाई, एकदा तर भांडेवाली, आणि तेव्हा कढईचं बूड नीट घासत नाही म्हणून तिने मला चांगलं झापलंही होतं. मी खोलीत पोचेपर्यंत लाईन परत आली. कूलरचा पंखा खडखडला आणि मग आपल्या सुरात लागला. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ‘आई, हाक मारली का मले?’ तिने मान वळवली, आधी माझ्या कणकेच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. ‘पोळ्या झाल्या का बाई?’ ती म्हणाली. ‘इथं जेवाले लय उशीर करतात बाप्पा.’

भास झाला म्हणावं तर मी काही भास होणाऱ्यांतली नाही. इंजिनियर आहे, पन्नाशी उलटली आहे, आणि कान अजून शाबूत आहेत. तेव्हा हात धुतले आणि प्रयोग केला. कूलरचं बटण बंद केलं आणि दाराशी श्वास धरून उभी राहिले. ‘कोणं बंद केला वं?’ आई करवादली. ‘गरम होऊन राहिलं ना!’ नाव नाही. दुपारी पुन्हा बंद केला, संध्याकाळी मागचा प्लग काढून पाहिला, मीटरजवळ जाऊन घराची लाईनच पाडली. नाहीच. तिला लबाडी कळत होती की काय कोण जाणे. दिवसा आईजवळ असते ती पंचफुला शेवटी माझ्यावरच चिडली. ‘काहून तरास देऊन राहिल्या म्हातारीले?’ ती म्हणाली. ‘नवतपा सुरू झाला आहे, बाहेर आग पडून राहिली, अन तुम्ही कूलर बंद करता.’ तिचं बरोबर होतं. पण तिला कसं सांगणार? माझं नाव त्या बाईत कुठेतरी आहे. पुसलं गेलेलं नाही. नुसतं दबलं आहे, आणि एका क्षणाच्या शांततेत वर आलं होतं.

आमच्याकडे कूलर बाराही महिने चालतो. डिसेंबरात थंडी हाडात शिरते तेव्हासुद्धा, पाणी काढून टाकून, तोंड बाल्कनीकडे फिरवून, नुसत्या आवाजासाठी. समोरचे लोक एकदा विचारायला आले, तुमचा कूलर उलटा का लावला म्हणून. मी म्हटलं, आमच्या तुळशीला गरम होतं. दुसरं काय सांगणार? आईला आवाजाशिवाय झोप येत नाही, कारण तिचं सगळं आयुष्य पंपाच्या आवाजात गेलं. बाबा, म्हणजे महादेवराव, पंप ड्रायव्हर होते. शाळेत बापाचा धंदा विचारला की मी ‘ड्रायव्हर’ एवढंच सांगायची, पोट्ट्यांना वाटायचं ट्रक चालवतो. गावातल्या महाल भागातून खाली नागनदीकडे उतरलं की काठाला एक आवार आहे. वरच्या सगळ्या गल्ल्यांचं सांडपाणी उताराने तिथल्या खोल विहिरीत येतं आणि पंप ते उचलून पुढे ढकलतो. पंप थांबला की विहीर भरते, विहीर भरली की जे आलं ते आल्या वाटेने मागे फिरतं आणि खालच्या बस्तीतल्या लोकांच्या मोऱ्यांतून वर येतं. एवढंच शास्त्र. त्या आवारात, पंपघराच्या समोर, उंच जोत्यावर आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. लोकांच्या बालपणाला म्हणे चाफ्याचा वास येतो. माझ्या बालपणाला गटाराचा येतो. आजही कुठल्या गावच्या पंपघरात पाऊल टाकलं की माझे डोळे भरतात, आणि वास डोळ्यांना झोंबतो असं मी बरोबरच्या लोकांना सांगते.

आई कुहीकडची. धानाच्या बांध्यांमधलं घर, सूर्य बुडाला की बेडकांशिवाय कोणी बोलायचं नाही. लग्न होऊन ती क्वार्टरात आली तेव्हा कानात कापूस घालून झोपायची. पुढे असं झालं की माहेरी गेली की तिला झोप लागेना. आजोबांना म्हणायची, ‘इथं कसं सुनं सुनं वाटते.’ आठ दिवसांसाठी गेलेली बाई दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन परत हजर. बाबा खूश व्हायचे, त्यांना वाटायचं आपल्यासाठी आली. ती पंपासाठी आलेली असायची! हे मला फार उशिरा कळलं, आणि बाबांना कधीच कळलं नाही, किंवा कळलं असेल तरी त्यांनी वाईट वाटून घेतलं नसेल, कारण त्यांचाही जीव तिथेच होता. दसऱ्याला आधी मोटरीला कुंकू, विजेच्या पॅनलला झेंडूचा हार, सोन्याचं पान पंपावर ठेवायचं, मग घरच्या वडीलधाऱ्यांना द्यायचं. आमच्या घरी पंप वडीलधाराच होता. आवाज कानाने ऐकावा लागत नसे. तो फरशीतून यायचा, खाटेच्या पायांतून, पितळी गडव्यातल्या पाण्यातून. पाणी सदा थरथरत असायचं. मी लहानपणी समजायची पाणी असंच असतं.

आणि अशा घरात माणसाला आवाजाने जाग येत नाही. वराती गेल्या, ताशे वाजले, बस्तीत भांडणं झाली, आम्ही आपले ढाराढूर. पण पंप थांबला की तिघंही टक्क जागी. सगळ्यांत आधी आई. बाबांच्याही आधी. पहाटेची साखरझोप असो की दुपारची डुलकी, तिचा आवाज त्या शांततेत लगेच उमटायचा. ‘अजी, बंद पडला.’ आणि मग मला, ‘नंदे, ऊठ वं, बापाले बॅटरी दे.’ खिळ्याला टांगलेली बॅटरी काढून बाबांच्या हातात द्यायची हे माझं काम. ते अनवाणी धावायचे. पंपघरातून ठोकाठोकी ऐकू यायची, बाबांच्या शिव्या ऐकू यायच्या, मोटरीला घातलेल्या, प्रेमळ. आई उंबऱ्यात उभी राहायची आणि मला आपल्या पोटाशी धरून डोक्यावर हात ठेवायची. मग जमिनीतून घरघर यायची, पायांतून वर चढायची, आणि ती म्हणायची, ‘सुरू झाला. झोप आता.’ हात मात्र लगेच काढायची नाही. त्या हातासाठी मी देवाला सांगायची, आज पुन्हा बंद पाड. असं मागणं मागणारी पोट्टी त्या क्वार्टरात दुसरी कोणी झाली नसेल. खाली बस्तीत लोकांची घरं होती हे मला तेव्हा कळत नव्हतं, आणि कळतं तरी मी मागितलं असतं असं वाटतं.

आता गंमत पहा. मी पोटासाठी काय करते, तर गावोगावच्या पाणीपुरवठ्याच्या आणि गटारांच्या लोकांना पुराची तयारी शिकवते. रेतीची पोती कुठे रचायची, डिझेल किती उंचावर ठेवायचं, सुटी मोटर कुठल्या माळ्यावर, पाणी चढायला लागलं की पहिला फोन कोणाला. आणि सगळ्यांत अवघड धडा एकच. पाणी दाराच्या खुणेला लागलं की स्विच पाडा आणि पंप बंद करा. बंद असताना बुडालेली मोटर धुता येते, सुकवता येते, दोन दिवसांत पुन्हा फिरते. चालू असताना पॅनल बुडालं की जळतं, आणि मग नवीन येईपर्यंत गावाचं पाणीही बंद आणि गटारही बंद. हे समजावताना मी गोड बोलते, चहा पाजते, आकडे दाखवते, शेवटी ओरडते. कारण पंपावरचा माणूस कुठल्याही गावचा असो, त्याच्या हाडात एकच गोष्ट असते. बंद पडू द्यायचा नाही. माझ्या बापाने ज्या एका गोष्टीवर आयुष्य काढलं, ती मी या लोकांकडून मोडून घेते. काही वेळा शिकवता शिकवता वाटतं, बाबा मागच्या बाकावर बसून ऐकत आहेत आणि मान हलवून राहिले आहेत.

दोन-तीन वर्षांमागच्या त्या सप्टेंबरात नदी चढली तेव्हा आमच्या जुन्या पंपघरात अंकुश ड्यूटीवर होता. हिंगण्याच्या कंपनीतली शिफ्ट सोडून इथे लागलेला तरुण माणूस. त्याला शिकवणाऱ्याला माझ्या बाबांनी शिकवलं होतं. पाणी गुडघ्याला लागलं तरी याने स्विच पाडला नाही. पंप चालू, आणि हा पॅनलला हाताने आडोसा करून उभा. मग स्फोट झाला. अंकुश वाचला, उजव्या हाताची कातडी गेली, आणि पंप कितीतरी दिवस मेलेला राहिला. मागच्या भिंतीला लागून कांताबाई राहतात, भाजीचा ठेला लावतात. मी चौकशीला गेले तेव्हा त्या मला म्हणाल्या, ‘नदीचं पाणी आलं अन गेलं जी. पण हे मोरीतून वर आलं ना, ते गेलंच नाही. तांदळाच्या डब्यात होतं, नवरीच्या शालूत होतं. अजून नाकात आहे.’ अंकुश बाजूलाच होता, मान खाली घालून. मला म्हणाला, ‘मॅडम, मी तर बंद पडू नये म्हणूनच उभा होतो. महादेवरावांच्या पंपावर कोणं हातानं स्विच पाडला असता?’ मी माझी टिकली नीट केली आणि पाणी मागितलं.

तर तिथली तयारी ठरवायचं काम माझ्याकडेच आलं, आणि कशी करायची ते मीच ठरवलं. जुने पंप काढायचे आणि पाण्यात बुडूनच चालणारे नवे पंप विहिरीच्या तळाशी सोडायचे. नदी डोक्यावरून गेली तरी ते चालतील. पॅनल उंचावर न्यायचं, आणि आवारात उंच जागा एकच, आमच्या क्वार्टरचं जोतं. क्वार्टर पाडायचं. सगळं बरोबर होतं. दुसऱ्या कोणी वेगळं सुचवलं असतं तर मी त्याला मूर्ख म्हटलं असतं. फक्त एक गोष्ट मी कोणाजवळ बोलले नाही. ते नवे पंप आवाज करत नाहीत. पाण्याखाली असतात ना, वर उभं राहिलं तर कळतही नाही की चालू आहेत. म्हणजे जून लागायच्या आत ती घरघर जगातून जाणार होती, आणि माझ्याच सहीने. मंजुरी आली त्या दिवशी लोकांनी पेढे दिले. मी घरी आले, कूलरला टेकून बसले आणि रडले. पंचफुलाला वाटलं, म्हातारी मला काही टाकून बोलली.

जुना पंप काढण्याआधी त्याच्यावर एक शेवटची रंगीत तालीम घ्यायची होती. पाणी शिरतंय असं धरून पंप बंद करायचा, पॅनलचे भाग सोडवून वर न्यायचे, परत जोडायचे, पंप सुरू करायचा. अशी तालीम मी कुठेही दोनदा घेते, पहिल्यांदा हात कापतात, दुसऱ्यांदा सुधारतात. नियम माझाच. दुसराही एक नियम माझाच आहे. कोणाचा हात पॅनलात असताना कोणी स्विच मारू नये म्हणून, मी शिटी वाजवल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही. विहीर कितीही भरो, शिटी माझी. नेमकी त्या दिवशी पंचफुलाने सुट्टी मागितली, भाचीचं लग्न. आईला घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून मी तिला बरोबर घेतलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. निमित्त सगळं. लग्न नसतं तरी मी तिला नेलंच असतं. खोटा कूलर बंद करून जे होत नव्हतं ते खरा पंप बंद पडला की होईल, असं माझ्या मनाने घेतलं होतं. मला माझं नाव पाहिजे होतं. तिच्या तोंडून, एकदा, पंप पंपघरातून निघायच्या आधी.

गाडी आवारात शिरली. मी आईकडे पाहत होते, आता ओळखेल, आता ओळखेल. तिने क्वार्टरकडे पाहिलं. दार काढून नेलेलं, खिडकीच्या जागी भोक, पण ओटा तोच, आणि ओट्यावरच्या फरशीची चीर तीच, जिच्यात मी गजगे लपवायची. ‘हे कोणाचं घर आहे बाई?’ आईने विचारलं. ‘कोणी राहत नाही का? ऊन किती होऊन राहिलं.’ मी ओट्याच्या सावलीत खुर्ची मांडली, तिला बसवलं, डोक्यावरून ओला दुपट्टा दिला. आशा संपलीच होती माझी. चिवट बाई आहे, विसरायचं म्हणजे सगळं विसरते. मी वळणार तेवढ्यात तिने पायांतल्या चपला काढल्या. एक काढली, मग दुसरी अंगठ्याने ढकलली, आणि दोन्ही तळवे फरशीवर टेकवले. पंपाची घरघर फरशीतून येत होती. तिने डोळे मिटले. तिच्या कपाळावरची ती आठी, जी फ्लॅटमध्ये झोपेतसुद्धा असते, ती गेली. मी तिथेच थोडी थांबले. मग अंकुशने हाक मारली आणि कामाला लागले.

सगळ्यांना जागा नेमून दिल्या. अंकुश पंपघराच्या दारात, तिथून विहिरीतला रंगवलेला लाल पट्टा दिसतो, पाणी त्याला लागलं की ओरडायचं. कांताबाई मागच्या फाटकात, आपल्या मोरीकडे कान लावून, कारण बस्तीत पहिला चढ त्यांच्याच मोरीत येतो. ‘मॅडम, भरोसा आहे ना?’ त्यांनी विचारलं. ‘परत तसं नाही ना होणार? आताच कुठं घर पोतलं आहे.’ मी म्हटलं, ‘मी इथे उभी आहे ना कांताबाई.’ आणि उभी कुठे राहिले, तर पंपघर आणि ओट्याच्या मधोमध, जिथून अंकुशही दिसतो आणि आईही. अंकुशने स्विचवर हात ठेवला. त्या जळलेल्या, गुळगुळीत कातडीच्या हाताने. आणि थांबला. ‘मॅडम, तुम्हीच सांगा,’ तो म्हणाला. ‘माझ्याच्यानं अजून होत नाही पटकन.’ मी म्हटलं, ‘पाड गा अंकुश. मी महादेवरावांची पोरगी सांगून राहिली, पाड.’

घरघर उतरली, अडखळली, आणि गेली. बापरे, ती शांतता! पन्नास वर्षं अंगावरून गेली. पिंपळात कोकीळ ओरडत होती, ती इतका वेळ ओरडतच असणार. बस्तीतल्या टीव्हीवरचं भांडण ऐकू आलं. विहिरीत पाणी पडत होतं, वरच्या महालाचं, जाड धारेने. माझ्या तळव्यांना जमीन मेल्यासारखी लागली. मी वळून पाहायला घाबरत होते, खरं सांगते. पॅनलवरची माणसं भाग सोडवत होती, वर नेऊन परत आणत होती, मोजकंच बोलत होती, आणि मी त्यांच्याकडे पाहण्याचं सोंग करत पाठमोरी उभी होते.

‘नंदे!’

आई उभी होती. खुर्ची धरली नव्हती, भिंत धरली नव्हती. डोक्यावरचा दुपट्टा पडला होता. ‘नंदे, ऊठ वं. बंद पडला,’ ती म्हणाली. ‘बापाले बॅटरी दे.’ मी ओट्यावर कशी चढले ते आठवत नाही. ‘देते आई. देते.’ तिने मला जवळ ओढलं, मी तिच्यापेक्षा वीतभर उंच आहे आता, तरी ओढलं, आणि डोक्यावर हात ठेवला. तोच हात. मग तो हात थबकला. बोटांनी माझ्या केसांची एक बट धरून तिने डोळ्यांजवळ नेली. ‘अवं माय,’ ती म्हणाली, ‘नंदे, केस पिकले वं तुझे! एवढे कसे पिकले? जेवत नाही का नीट?’ लहानपणची नंदी नाही, मी. पिकल्या केसांची, आत्ताची, माझ्या आईला दिसत असलेली. ‘जेवते,’ म्हटलं. ‘खोटं बोलते,’ ती म्हणाली. ‘गाल पाह्य कसे बसले.’ आणि माझा गाल तिने चिमटीत धरला.

‘मॅडम, जोडून झालं!’ अंकुश ओरडला. ‘हात काढले सगळ्यांनी! पाणी पट्ट्याले लागलं, शिटी द्या!’ शिटी माझ्या गळ्यात होती. मी ऐकलं. नाही ऐकलं असं नाही, ऐकलं. आणि शिटीला हात लावला नाही. एक क्षण, आणखी एक, एवढंच मागत होते, कोणाकडे मागत होते कोण जाणे. ‘आई, घरी करमते का तुला माझ्याकडे?’ मी विचारलं. काय पण प्रश्न! पण महिन्यांचे प्रश्न साचले होते, आणि हातात तोच आला. ‘तिथं झोप नाही येत वं,’ ती म्हणाली. ‘पण तू रोज पाय चेपते ना माये. मी पाहतो ना.’ ती मला पाहत होती! त्या सगळ्या ‘बाई, बाई’च्या मागून पाहत होती! ‘मॅडम!’ अंकुशचा आवाज फाटला. ‘पट्टा बुडाला!’ आणि मागच्या फाटकातून कांताबाई, ‘मोरी गुडगुडून राहिली ओ! मॅडम, ऐकता का? मोरी बोलून राहिली!’ मी आईचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. शिटी वाजवली की हा हात जाणार हे मला माहीत होतं, जसं पाणी उताराला जातं हे माहीत असतं.

आईने मान तिरकी केली. ऐकलं. कांताबाईंचं ओरडणं ऐकलं, विहिरीतली धार ऐकली. कपाळाला ती जुनी आठी पडली. ‘अजून सुरू काहून नाही झाला?’ ती म्हणाली. ‘नंदे, बापाले सांग ना. लोकाइच्या घरात जाईन ते.’ मी म्हटलं, ‘सांगते. थोडं थांब ना आई.’ ‘थांबून काय करतं?’ ती खेकसली. ‘तिकडे लेकराबाळांचे घरं आहेत, अन हे म्हणते थांब! जा म्हणते ना!’ आणि तिने स्वतःच माझ्या हातांतून आपला हात सोडवून घेतला आणि मला पाठीत एक धपका दिला, चांगला सणसणीत. मी शिटी तोंडात धरली आणि वाजवली. पहिल्यांदा नुसती हवाच आली. मग वाजली.

घरघर जमिनीतून आली. ओट्याला भिडली, पायांतून वर चढली. कांताबाईंच्या फाटकातून आवाज आला, ‘उतरलं, उतरलं! वर नाही आलं बाप्पा.’ आई हळूहळू खुर्चीत बसली. मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले, तोंड तिच्या तोंडासमोर नेऊन, अजून काही उरलं असेल तर दिसावं म्हणून. ती माझ्याकडे पाहून हसली, सभ्य, परक्या माणसाशी हसतात तसं. ‘तुम्ही उन्हात काहून बसल्या बाई?’ तिने विचारलं. ‘कोणाच्या तुम्ही?’ मी म्हटलं, ‘इथलीच आहे. क्वार्टरातली.’ ‘मग बरं,’ ती म्हणाली. ‘सुरू झाला. झोपा आता.’ आणि तळवे फरशीवर टेकून तिने मान भिंतीला लावली. बघता बघता झोपली. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर उताणे. अशी झोप मी तिची त्या फ्लॅटमध्ये एकदाही पाहिली नव्हती.

अंकुश घाम पुसत आला. रागावलेला होता, आणि रागावायचा त्याला हक्क होता. ‘शिटीले उशीर झाला मॅडम,’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘झाला. चूक माझी आहे, तशी लिहून घे.’ त्याने आईकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला. ‘दुसऱ्यांदा घ्यायची आहे ना अजून? पाणी उतरलं की पुन्हा बंद करू?’ त्याचा हात स्विचकडे गेलाही होता, या वेळी न थांबता. माझ्या तोंडात ‘हो’ आलं होतं. पुन्हा एकदा ती उठली असती. पुन्हा ‘नंदे’ म्हणाली असती, केस पाहिले असते, गाल धरला असता. परवा पंप निघणार, त्यानंतर कोण बंद पाडणार आणि काय?

‘नको,’ मी म्हटलं. ‘झोपली आहे ती. चालू राहू दे.’